डाव्या हातातली नाडी

सिस्टर, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, आणि आज पहिल्यांदाच मी तुम्हाला काही लिहिते आहे. अमरावतीच्या नर्सिंग शाळेत तुम्ही शिकवत होता तेव्हा मी भातकुलीहून आलेली, चुकायला भिणारी मुलगी होते. नाडी मोजायचा तो तास अजून दिसतो. तुम्ही खुर्चीत बसला आहात, डावा हात टेबलावर उताणा ठेवलाय, आणि आम्ही एकेक जण त्यावर तीन बोटं ठेवतो आहोत. माझी पाळी येते. हात गार आहे आणि बोटांखाली काहीच नाही. मी बोटं सरकवते, दाबते, हलकी करते, मिनिट संपतं. आधीच्या मुलीने बहात्तर लिहिलं होतं, मी चौऱ्याहत्तर लिहिलं. तुम्ही सगळ्यांचे कागद वाचलेत आणि माझ्याकडे पाहिलंत. "मले या हातात तीन वर्षांपासून लागत नाही. तुले कशी लागली वं?" तुम्ही माझा कागद परत केलात. "नाही लागली तं नाही लागली म्हणून लिहा. माणूस मेला असता तरी तुमी आकडा लिहिला असता."

त्यानंतर मी तुमच्यावर नजर ठेवू लागले. सलाइनची बाटली पाहायला मान वर केलीत की तुम्ही भिंत धरायचात. एकदा मे महिन्यात, भर दुपारी, दवाखान्याच्या अंगणात तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "ढग आले काय वं?" आभाळ पांढरं तापलं होतं. मी नाही म्हटलं नाही. त्याच दिवशी तुम्ही मला सांगितलंत की धमन्यांना आतून सूज येते, हाताच्या बंद झाल्या, आता मेंदूकडे जाणाऱ्या अरुंद होताहेत. मुंबईला छाती उघडून मानेच्या धमनीला नळी जोडतात. "पण घरी आईले कोण पाहीन? कोणाले सांगू नको."

वर्षभरात अकोल्याहून, तुमच्या घरून, तुम्ही गेल्याचा निरोप आला आणि मी तिथे पोचले. तुमची आई उशाशी बसली होती. मी सवयीने तुमचा डावा हात घेतला. तो त्या तासाला होता तसाच होता, तेवढाच गार, तेवढाच मुका. मला काही फरक सापडेना. मी किती तरी वेळ तुमच्या छातीकडे बघत राहिले, की ती आता हलेल.

मागच्या उन्हाळ्यात माझी मुलगी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तेवीस वर्षांची, नुकतीच नोकरीला लागलेली. दोरीकडे मान वर केली आणि म्हणाली, "आई, ढग आले काय?" माझ्या हातातली बादली तिथेच राहिली. मी तिचं मनगट धरलं, डावं, मग उजवं. डाव्यात काहीच नव्हतं. ती माझ्यासमोर उभी होती, बोलत होती, आणि तो हात मेलेला होता. "काहून अशी पाहून राहिली?" तिने विचारलं. जेवताना जबडा दुखतो, उठताना अंधारी येते, हे तिने चार महिने लपवलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला होतो.

आधी काही महिने गोळ्यांनी सूज शांत केली, मग ऑपरेशन. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीपासून मानेपर्यंत नवी नळी. मला आत सोडलं तेव्हा ती झोपेत होती. मनगट तसंच गप्प होतं, पण मानेच्या एका बाजूला कातडी उडत होती, जणू खाली कोणी दुसरंच जागं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी दोन पावलं मागे सरकले. मग तिने डोळे उघडून पाणी मागितलं.

आता ती मान वर करते, अख्खी भाकरी खाते. परवा मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं. "मग त्यांनी काहून नाही करून घेतलं ऑपरेशन?" तिने विचारलं. मी म्हटलं, त्यांना आजार माहीतच नव्हता. खोटं बोलले, सिस्टर. त्या दुपारी अंगणात तुम्ही सगळं सांगून माझ्या तोंडाकडे पाहत थांबला होता, बराच वेळ. करून घ्या, आईकडे मी बघते, एवढंच म्हणायचं होतं. मी "हो सिस्टर" म्हणाले आणि वॉर्डात निघून गेले.