बाईंचे उपास

बाई, आपलं ऑफिस बंद झालं. नाशिकरोडच्या कॉलनीतला तो बंगला मालकाने परत घेतला. परवा तिकडून जाताना पाहिलं तर तुमच्या खोलीच्या खिडकीवर कोचिंग क्लासचा फलक लागला आहे. मी रिटायर होऊन बराच काळ लोटला, पण शनिवारी सकाळी जाऊन डोंगरातल्या पाड्यांवर फोन करायचं काम माझ्याकडेच राहिलं होतं. नव्या पोरांना त्या लोकांचं बोलणं कळायचं नाही आणि त्या लोकांना या पोरांचं. ते काम आता संपलं, असं मला सांगण्यात आलं. तुम्ही गेलात त्यालाही किती वर्षं झाली. गंगेवर तुम्हाला पोचवायला आलो होतो, लांब उभा होतो. आता तुम्हाला लिहायला बसलोय हे सूनबाईला कळलं तर ती म्हणेल, बाबांचं आता काही खरं नाही. आधीच घरात माझ्या काळजीची थट्टा चालते. गॅसचं बटण मी एकदा पाहून येतो, परत पाहून येतो, तेव्हा ती आतून ओरडते, "बाबा, तो सिलिंडर कुठे पळून जाणार नाहीये!" मुलगा हसतो. मीही हसतो आणि आणखी एकदा पाहून येतो.

या काळजीपायीच तर तुम्ही मला कामावर घेतलं. मी तेव्हा स्टेशनवर टॅक्सी लावायचो. तुम्ही सुरगाण्याकडे जायला निघालेल्या, आणि घाट लागायच्या आधी मी गाडी थांबवून चाकांना हात लावून पाहू लागलो. "काय रे, चाक गरम झालं का? घाट तर अजून सुरूही झाला नाही," तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, "सुरू झाल्यावर बघून काय उपयोग, बाई?" तुम्ही इतक्या हसलात की मला वाटलं, भाडं गेलं. परत येताना विचारलंत, "किती शिकलास?" सातवी, तीही रडतखडत. "चालेल. एवढा घाबरट माणूस मी किती दिवस शोधत होते." घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिला वाटलं मी टॅक्सीवाल्यांच्यात बसून पिऊन आलो. आयुष्यभर ज्याच्यापायी बोलणी खाल्ली, त्याच्यासाठी कुणी पगार देईल हे तिलाच काय, मलाही खरं वाटत नव्हतं.

संस्था केवढी मोठी. मुख्य ऑफिस परदेशात, कामं कितीतरी देशांत. कुठे दुष्काळ, कुठे साथ, कुठे माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली. बाकीचे सगळे संकट आल्यावर धावायचे. तुमचं काम ते यायच्या आधीचं. आपल्या वाट्याला पेठ-सुरगाण्याचा डोंगर होता. तिथे आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपतं, नवं भात यायला अवकाश असतो, ओढे भरून रस्ते तुटतात आणि नेमकी तेव्हाच पोरं आजारी पडतात. तुम्ही म्हणायच्या, दरवर्षी ठरल्या वेळी येणाऱ्याची वाट कसली बघायची, त्याच्या आधी जाऊन बसायचं. पण बसायचं कुणी? धान्याचा विभाग वेगळा, पाण्याचा वेगळा, औषधाचा वेगळा. तिघांचे साहेब वेगळे, गाड्या वेगळ्या, आणि तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणारे. त्यांना तुम्ही मीटिंगच्या खोलीत बसवायचं सोडलंत. बंगल्याच्या स्वयंपाकघरात सतरंजी टाकायच्या, पिठलं-भाकरी स्वतः वाढायच्या आणि वाढता वाढता कामं वाटून द्यायच्या. "हातात ताट असलं की माणूस 'हे माझ्याकडे येत नाही' असं म्हणत नाही," असं मला बाजूला घेऊन सांगायच्या. मी भाकऱ्या मोजून पुरतील की नाही या घोरात. तुम्ही म्हणता, "तू जेव आधी."

सकाळी जीप काढली की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला. "बोल, आज कसली भीती वाटतेय?" मी सांगायचो. टायर, माझ्या सासूबाईंचा खोकला, आणि मधेच असंही की मुकादमाचा ट्रक यंदा लवकर दिसला, माणसं एवढ्यात कामाला बाहेर पडली म्हणजे घरात काही शिल्लक नसेल. तुम्ही सगळं सारख्याच मनाने ऐकायच्या आणि मग रात्री पानभर लिहून घ्यायच्या माझ्याकडून. "ऑफिसची भाषा नको. दिसलं तसं लिही." आज मी हे चार शब्द धड लिहितोय ते त्या पानांमुळे.

आणि तुमचे उपास. पाड्यावर कुणाच्या घरी गेलं की पाहुण्याला जेवू घातल्याशिवाय सोडत नाहीत, मग घरात असो नसो. घरातलं शेवटचं रांधतील, शेजारून आणतील. पोटभर जेवलेला माणूस मग अहवालात लिहितो, लोकांकडे खायला आहे. म्हणून तुम्ही उंबऱ्यातच सांगायच्या, "आज माझा उपास आहे हो." सोमवारी महादेवाचा, मंगळवारी देवीचा, गुरुवारी दत्ताचा. नुसतं पाणी मागायच्या. मी शिकवल्यासारखा म्हणायचो, "आणि माझं पोट बिघडलंय." परतताना घाटात जीप थांबवून आपण डबा उघडायचो, तेव्हा तुम्ही म्हणायच्या, "पंचवटीतल्या भटाघरी जन्मले, पण घरी कधी इतके देव पाळले नाहीत."

धान्य खरंच लागतं का ते बघायला मुख्य ऑफिसचा साहेब आला तो दिवस मी कितीदा तरी मनात चालवून पाहिलाय, गाडी रिव्हर्स घ्यावी तसा. माणूस वाईट नव्हता. उंच, हसरा. पाड्यावरच्या एका म्हातारीच्या घरी मांडी घालून बसताना त्याचे गुडघे कानाला लागले तेव्हा सगळा पाडा हसला, तोही हसला. म्हातारीने कोंबडी कापलेली. तिची सून कडेवर पोर घेऊन चुलीपाशी उभी. पानं मांडली आणि तुम्ही नेहमीसारखं म्हणालात, "आज माझी चतुर्थी आहे." म्हातारी हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. "बाय, तुझे देव तरी किती गं? मागं आली तवा महादेव, त्याच्या मागं देवी. खरं सांग, आमच्या हातचं चालत नाय ना तुला?"

मी तुमच्याकडे बघतोय. तुमचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. तुम्ही पदर खोचलात आणि साहेबाच्या शेजारी जाऊन बसलात. "वाढ मावशी," म्हणालात. तिने भात वाढला, रस्सा वाढला, परत वाढला, तुम्ही परत घेतलात, पान बोटाने पुसून खाल्लंत. म्हातारी खूश. "आता कसं!" दुसरं काय करायला हवं होतं, हे मला आजही सुचत नाही.

परतीच्या वाटेवर साहेब पुढे बसले होते. ते काय म्हणाले ते तुम्ही मला मागून मराठीत सांगितलंत, की लोक गरीब आहेत, पण उपाशी नाहीत. मग तुम्ही त्यांना समजावू लागलात. पाणी प्यायच्या निमित्ताने तुम्ही आत गेला होतात, धान्याची कणगी रिकामी पाहिली होती, आपण खाल्लं ते पेरायला ठेवलेलं भात होतं, आणि ती कोंबडी अंड्यांवर बसणारी होती. दिंडोरी येईपर्यंत तुम्ही बोलत होतात. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले. तुम्ही ते मला लगेच सांगितलं नाहीत. नाशिकरोडला त्यांना सोडल्यावर, इंजिन बंद झाल्यावर सांगितलंत. "तो म्हणाला, तुम्हीसुद्धा जेवलात ना. दोनदा घेतलंत."

पाऊस लागायच्या आधी जाणारं धान्य त्या वर्षी गेलं नाही. जिथे जास्त गरज आहे तिथे वळवलं, असं कळवण्यात आलं, आणि तेही खोटं नसेल. श्रावणात जीप अलीकडे ठेवून आपण दोघं ओढ्याच्या कमरेएवढ्या पाण्यातून त्या घरी पोचलो. सुनेच्या कडेवर पोर नव्हतं. आधी जुलाब, मग ताप, आणि अंगात काही नाही म्हटल्यावर त्याला कितीसा वेळ लागतो. म्हातारी तुम्हाला एका शब्दानेही बोलली नाही. गोणपाट झटकून टाकलं, तुमच्याजवळ बसली आणि म्हणाली, "आज करायला कायच नाय बाय. तुझा उपास आसंल तर बरं." टोमणा नव्हता तो. तिला खरंच लाज वाटत होती. तुम्ही तिच्या मांडीवर डोकं ठेवलंत. मी बाहेर जाऊन जीप नसलेल्या रस्त्याकडे बघत उभा राहिलो.

त्यानंतर तुम्ही फोन सुरू केलेत. फोनवरच्या माणसाला कुणी जेवायला वाढत नाही, म्हणालात. आधी आश्रमशाळेच्या गावातला नाणं टाकायचा डबा टेलिफोन, पुढे घराघरांत मोबाइल. कोण सांगणार म्हणून पाड्यावर विचारलंत तेव्हा ती सूनच पुढे झाली. "मी सांगीन." एवढंच बोलली. घरात खायला आहे का असं विचारायचं नाही, हे तुम्ही माझ्याकडून घोकून घेतलंत. संध्याकाळची चूल किती घरांत पेटली, एवढं विचार. ती मोकळेपणाने सांगायची. आपण पुढे कळवायचो, स्वयंपाकघरात सतरंजी पडायची, आणि ओढ्याला पाणी यायच्या आधी गाडी वर पोचायची. मग काहीच घडायचं नाही. दरवर्षी परदेशातून विचारणा यायची, की तिकडे काही घडलंच नाही तर एवढा खर्च कशावर झाला? तुम्ही चष्मा काढून डोळे चोळायच्या आणि उत्तर लिहायला बसायच्या. त्या उत्तरांनीच तुम्हाला थकवलं, असं मला वाटतं. डॉक्टर काहीही म्हणोत.

आता मुख्य ऑफिसात आपल्या डोंगराचं काम बघायला एक तरुण मुलगी आहे, आपल्या पुण्याची. ऑफिस बंद होताना तिने मला व्हिडिओ कॉलवर बोलावलं. "काका, आता आकाशातूनच, उपग्रहाने पिकं पाहणार आहेत. जिथे हिरवं दिसेल तिथे ठीक." मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "श्रावणात तुमच्या डोंगरात सगळंच हिरवं असतं, हे मला माहीत आहे. मी लिहून दिलंय. पैसे नाहीत, काका." तिचे डोळे भरले होते. मी म्हणालो, जेवलीस का पोरी? मग पाड्यावरच्या धान्याचं काही बघा म्हणायला मी एका सरकारी कचेरीत जाऊन आलो. तिथला माणूस चांगला वागला, चहाही मागवला, पण संस्थेच्या लेटरहेडवर लिहून आणा म्हणाला. संस्था राहिली नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग आजोबा, तुम्ही कोण?"

आज शनिवार. जिन्यात बसून मी माझ्या मोबाइलवरून पाड्यावरच्या त्या सुनेला फोन लावला. तीही आता म्हातारी झाली, सासूसारखीच खोकते. "यंदा लवकरच हाय दादा सगळं," म्हणाली. खालच्या आळीत चूल एकच वेळ पेटते. बकऱ्या विकून झाल्या. पोरं कंद खणायला जातात. रेशन हाय, पण मशीनवर अंगठा उमटत नाय, उमटला तर रेंज नाय. मी हाताला लागलेल्या एका पाकिटावर लिहीत होतो. मग तिने विचारलं, "सायबाला कळवलं ना? ओढ्याला पानी यायच्या आदी गाडी येऊ दे म्हनावं. आमी कामाला बाहेर जात नाय मंग. पोरांपाशीच ऱ्हातो."

मी हो म्हणालो. गाडी येणार नाही हे तिला कळलं, तर त्यांना आजच बाहेर पडता येईल, पोरांना घेऊन निफाडकडे, द्राक्षाच्या बागांत जे मिळेल ते काम धरून. प्रत्येक दिवस मोलाचा आहे, हे मला कळतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, हेही कळतं. तरी वर घरात येऊन लिहायला बसलो, तिचं म्हणणं कुणाला तरी कळवल्यासारखं व्हावं म्हणून. बाई, ऑफिस बंद झाल्याचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.