झाकणाची वाटी

रविवार, २ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे लंडनला! ईलिंगचा फ्लॅट ताब्यात यायला अजून थोडे दिवस आहेत, तोवर वरदच्या बँकेनं आम्हाला जुन्या, नामांकित हॉटेलात ठेवलंय. दारात उंच टोपीवाला माणूस, जिन्यावर गालिचे, आणि बाथरूम आमच्या कोथरूडच्या हॉलएवढं! वरद सारखा बजावतोय की वस्तूंना हात लावू नका, आणि सान्वी एकूण एक वस्तूला हात लावतेय. सहा वर्षांची कार्टी बापाचं ऐकतेय कशाला? विमानात तिचा पुढचा दात पडला. हसली की मधोमध खिडकी दिसते. मी सारखी तिला हसवतेय.

सोमवार, ३ नोव्हेंबर

वरद ऑफिसला गेला. चार वाजताच अंधारून येतं इथे. चहाच्या सुमारास दाराबाहेर चांदीची वाटी दिसली, झाकणाची, आत इवलीशी बदामाची बिस्किटं. काय हे लाड! सान्वीनं फडशा पाडला. मी वाटी धुतली आणि बाहेर ठेवताना हात अडला. रिकामं भांडं परत करायची आमच्यात पद्धत नाही. काही नसलं तर आई चिमूटभर साखर तरी घालते. मी दिवाळीच्या फराळातला एक बेसनाचा लाडू ठेवला. वरद पोट धरून हसला. म्हणाला, फाइव्ह स्टार हॉटेलात शेजारधर्म पाळणारी तू पहिलीच. हसू दे, त्याचं काय जातंय?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

वाटी पुन्हा आली. आज तिच्यात बाहुलीचा लाल बूट होता, जुना पण फार सुरेख. मुलगी बघून कुणीतरी प्रेमानं दिला असणार. मला अगदी भरून आलं. सान्वीला म्हटलं, आता तूही काहीतरी दे. तिनं वेणीची निळी रिबीन सोडून आत ठेवली आणि स्वतःच झाकण लावलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

रिसेप्शनवर ईशिता नावाची गोड मुलगी आहे. आईवडील नागपूरचे, जन्म कॉव्हेंट्रीचा, मराठी मोडकंतोडकं. तिला थँक यू म्हणायला गेले तर ती गोंधळली. म्हणाली, "ताई, असा वाटी हॉटेल देत नाही." मग इकडेतिकडे बघून तिनं हळूच सांगितलं की आमच्याच खोलीत फार वर्षांपूर्वी एक बाई राहायची. तिची लहान मुलगी तापानं इथेच गेली. अजूनही खोलीत मूल आलं की कधीकधी वाटी येते, असं जुना स्टाफ म्हणतो. लोक खाऊ खातात, वाटी रिकामी बाहेर ठेवतात, विषय संपतो. मी काही परत पाठवलं का, असं तिनं विचारलं.

मी नाही म्हणाले. खोटं का बोलले, कोण जाणे. इथे आज कसलासा फटाक्यांचा सण आहे, बाहेर फटाके वाजतायत आणि मी प्रत्येक आवाजाला दचकतेय.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज वाटीत फ्रॉक होता. पांढरा, लेसचा, पिवळट पडलेला. एवढ्याशा वाटीत मावला कसा? बरोब्बर सान्वीच्या मापाचा. मी तो कचऱ्यात टाकला आणि वाटी रिकामीच बाहेर ठेवली. काही घालायचा धीरच झाला नाही.

वरद म्हणतो जेटलॅग. मी भांडले, रडले, तेव्हा कुठे उद्या एजवेअरला मित्राकडे जायला तयार झाला. पुण्याला फोन केला. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मुलीचा फ्रॉक घेतलास आणि भांडं रिकामं पाठवलंस?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर, सकाळ

वाटी बाथरूममध्ये. उघडी, रिकामी. मी ठेवली नाही, वरदनं नाही. सान्वीच्या अंगात तो फ्रॉक. काढू देत नाही — ओरडते. म्हणते, ती वाट बघतेय.

वाटीत साखर घातली. बांगड्या घातल्या. मंगळसूत्र काढून घातलं. घे बाई, काय हवं ते घे, पण —

दुपार

बॅगा भरल्या. वरद टॅक्सी घेऊन निघालाय. वाटीला झाकण लागलंय.

उघडली. लाडू. रिबीन. साखर, बांगड्या, मंगळसूत्र. सगळं परत! तिला काहीच नको होतं. मी वेड्यासारखी हसले, सान्वीला कवटाळलं. ती पण हसली.

खिडकी नाही. पुढचे दात — सगळेच्या सगळे —

नंतर

बाथरूमची कडी लावलीय. बाहेर ती दार वाजवतेय. मम्मा, मम्मा. माझी सान्वी मला मम्मा कधीच —

वाटी माझ्याजवळ आहे. कान लावला. आतून, खूप खालून, आई, आई. तोच आवाज. लहान होत चाललाय.

हात घातला. कोपरापर्यंत गेला. तळ लागत नाही —

बोटं लागली. इवलीशी. धरलीत. सोडणार नाही, सान्वी, घाबरू नकोस, मी येतेय गं, मी ये