बोटीवर कोण थांबणार

१२ मे

पुन्हा मीच! तिसरा थांबा आणि तिसऱ्यांदा मीच बोटीवर.

नाश्त्याच्या वेळी गाईडबाई कागद घेऊन आली. आज गावात उतरणाऱ्यांनी नावं लिहायची. यांनी पेन घेतलं, स्वतःचं नाव लिहिलं, भाऊजींचं लिहिलं, टोपण लावलं आणि कागद परत दिला. तिनंच विचारलं, "आणि ताई?" तर हे म्हणतात, "ती थांबते आईजवळ. तिला नाही एवढी हौस."

मला हौस नाही! कुणाला विचारलं? भिंतीला?

सहलीला निघताना काय काय गोड बोलणं. कालव्यातून बोट जाते, अगदी सावकाश, धक्का नाही, दगदग नाही, आईलाही नेता येईल, तुलाही विश्रांती. विश्रांती! घरी होतं तेच इथे करते आहे. फक्त खोली अर्धी आणि बाथरूम पाव. सासूबाईंची चाकांची खुर्ची दारातून आत घेताना बोटं चेंगरतात ती माझी. थांबा आला की फळकुटावरून उतरायचं, पुढे पायऱ्या, खुर्ची जात नाही. म्हणजे कुणीतरी थांबायला हवं. 'कुणीतरी' हे माझंच टोपणनाव आहे हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

जाऊबाई आल्याच नाहीत. शहाण्या आहेत. म्हणाल्या, मला बोट लागते. कालव्यात! जिथे पाण्यावर पान पडलं तरी हलत नाही!

दुपारी दोघे भाऊ परत आले. पाय दुखले म्हणे, फार चालवलं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर पानभर बोलले असते, म्हणून इथे लिहिते आहे.

१३ मे

आज कुठेच थांबा नाही. म्हणून कुणाशी भांडण नाही.

१४ मे

परवाचा थांबा कळला आणि दिवसभर डोकं ठिकाणावर नाही.

कालव्याकाठी कुंभारकामाचा कारखाना आहे. पांढऱ्या मातीची भांडी, मोठी भट्टी. आणि परवाच भट्टी उघडणार आहेत, पाहुण्यांसमोर. महिन्यातून एकदाच उघडतात. गाईडबाई हे सगळ्यांना सांगत होती, पण ऐकत होते मी एकटी. हे सूप फुंकत होते.

मी सतरा वर्षं दात बनवले. माणसांचे. डेंटिस्टकडून ठसा यायचा, शेजारच्या दाताचा रंग लिहून यायचा, आणि मी पांढऱ्या पुडीची पेस्ट ब्रशनं थरावर थर लावून भट्टीत भाजायची. भट्टी केवढी, तर भाकरीच्या डब्याएवढी. पण दार उघडताना छातीत धडधड तीच. एक डिग्री चुकली तर दात दुधासारखा दिसतो, माणसासारखा नाही. माझे दात तोंडात बसले की बायकोलाही ओळखू यायचे नाहीत. मालक म्हणायचे, "बाई, तुमचा दात खोटं हसत नाही."

नऊ वर्षांपूर्वी सासूबाईंची उजवी बाजू गेली. हे म्हणाले, "सहा महिने सुट्टी घे फक्त." अजून ते सहा महिने चालूच आहेत.

मला ती भट्टी बघायची आहे. बस्स. एवढंच हवंय मला या अख्ख्या सहलीतून.

१५ मे

लिहिलं! माझं नाव, माझ्या हातानं, यांच्या आधी.

कागद टेबलावर आला, यांचा हात पुढे आला, आणि मी त्याआधी पेन उचललं. यांना वाटलं मी त्यांना देते आहे! हात तसाच पसरलेला. मी लिहीत राहिले.

"आईचं काय?" — हे.

"आईंना दोन मुलगे आहेत," मी म्हणाले. "दोघेही बोटीवर आहेत, दोघांचेही हात धड आहेत."

भाऊजी लगेच, "वहिनी, आम्हाला नाही जमत ते. तुम्हाला सवय आहे." सवय! कुणी जन्मतः सवय घेऊन येतं का? नऊ वर्षांपूर्वी मलाही जमत नव्हतं. सासूबाईंना पहिल्यांदा उचललं तेव्हा दोघी पडलो होतो.

"एका भट्टीसाठी एवढं?" — पुन्हा हे. "यूट्यूबवर दाखवतो तुला."

तळपायाची आग मस्तकात गेली. आजूबाजूची चार टेबलं ऐकत होती. मी हळू आवाजातच बोलले, पण बोलले. सकाळी नऊची गोळी, दुपारी चारची, सात वाजताची. पाणी घोट घोट, डाव्या बाजूनं. मोजा उजव्या पायात आधी. लिहून देते, म्हणाले. चौथीतली मुलंही वाचू शकतील असं.

सासूबाई समोरच होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मूग गिळून बसल्या, पाव कुरतडत. त्यांना बोलायला वेळ लागतो, मान्य. पण "जाऊ दे तिला" हे तीन शब्द! नऊ वर्षं केल्याचे तीन शब्द तरी यायला हवे होते. त्यांचाच जास्त राग आला, खरं लिहायचं तर.

१६ मे, सकाळी साडेआठ

निघाले. डायनिंग हॉलच्या दाराशी फळा आहे, प्रत्येकाच्या नंबरचा बिल्ला टांगलेला. बोटीवर असलो की पांढरी बाजू, उतरलो की लाल. आमच्या केबिनी तळमजल्यावर, म्हणून आमचे बिल्ले अगदी खालच्या ओळीत, वाकावं लागतं. सगळ्यांचे लाल-पांढरे होऊन होऊन कडा झिजल्यात. माझा कोरा. आज लाल केला.

हे केबिनमध्ये माझा कागद वाचत बसलेत, परीक्षेला बसल्यासारखे.

१६ मे, संध्याकाळ

अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे.

आधी भट्टीचं लिहिते, नाहीतर रागात ते राहूनच जाईल. दार माणसापेक्षा उंच. भट्टीवाली माझ्याच वयाची, भुवया जळलेल्या. दार उघडलं आणि ऊब अंगावर आली. आत ओळीनं वाट्या, पेले, बशा. सगळे फोटो काढत होते. मी एक पेला उचलला आणि नखानं टिचकी मारली. बद्द आवाज! दुसरा, खणखणीत. तिसरा, बद्द. तिला म्हणाले, "घाई केलीत. गार व्हायच्या आधी दार किलकिलं केलं होतंत." ती माझ्याकडे बघतच राहिली. "काल केलं होतं, बोटभर," म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

मग आम्ही दोघी बसलो. ती उचलून देणार, मी टिचकी मारणार. चांगले इकडे, तडकलेले तिकडे. दोन अख्खे कप्पे! बाकीची मंडळी चारला परत निघाली. गाईडबाईला मी सांगितलं, बोट साडेपाचला आहे ना, मी चालत येते, पंधरा मिनिटांचा तर रस्ता. माझे कान अजून शाबूत आहेत. बोटंही. नऊ वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, हे चांगलं की वाईट, सांगा.

सव्वापाचला धक्क्यावर पोचले. बोट नाही.

बोट नाही! रिकामं पाणी. पुढच्या धक्क्यावरचा म्हातारा म्हणाला, वीस मिनिटं झाली की. हा कप्तान माणसं मोजत नाही, फळा बघतो. सगळे बिल्ले पांढरे दिसले की दोर सोडतो, पुढच्या लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून-सोडून बोटी वर-खाली करतात त्या हौदात, नंबर लवकर लागावा म्हणून.

माझा बिल्ला लाल होता. मी स्वतः लाल केला होता. म्हणजे कुणीतरी पांढरा केला. कोण करणार दुसरं! अडतीस वर्षं माझ्या वतीनं बोलणारा माणूस. "ती बोटीवरच असते." केला असेल जाता-येता, पंख्याचं बटण बंद करावं तसा.

फोन केबिनमध्ये चार्जिंगला. पहिल्या दिवशी गाईडबाईनं सांगितलं होतं, बोट चुकली तर घाबरू नका, धक्क्यासमोर विश्रामगृह आहे, सकाळी बसनं पुढच्या थांब्यावर या. विश्रामगृह समोरच होतं. खिडकीला पांढरे पडदे. खोटं कशाला लिहू, मिनिटभर बरं वाटलं. एक रात्र, एक पलंग, कुणाला कूस बदलून द्यायची नाही. भट्टीवाली म्हणाली होती, सकाळी खालचे कप्पे काढणार.

आणि मग सात वाजताची गोळी आठवली. यांना कागद सापडेल का? आईंना ठसका लागला तर? झालं. लागले चालायला.

कालव्याच्या कडेनं पायवाट आहे. पाऊण तास तरातरा चालले. रस्ताभर यांच्याशी भांडत होते, मोठ्यानं. एक सायकलवाला थांबून बघत होता. लॉकपाशी बोट दिसली, दोन दरवाज्यांच्या मधल्या हौदात उभी, पाणी सोडलेलं, बोट हळूहळू खाली जाते आहे. मी वरच्या काठावर, ते खाली. सगळं दिसत होतं. डेकवर सासूबाई खुर्चीत. भाऊजी पेला धरून उभे, पाणी गळ्यावरून ओघळतंय. आणि हे गुडघ्यावर बसून आईच्या पायात मोजा घालतायत. उलटा.

मला शोधत नव्हतं कुणी! एकानं मान वर केली नाही!

"अहो!" मी ओरडले. तिघांनी वर बघितलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही तिथे कशा?" जणू मीच चुकले होते. सासूबाईंनी मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. फिरवलं तोंड! ज्या गोळीसाठी मी धावत आले, ती ज्यांची, त्यांनी!

लोखंडी शिडीवरून उतरले. दोर सांभाळणारा टोपीवाला कान पकडून म्हणाला, "फळा पांढरा होता, बाई. आम्ही बिल्ल्यांना हात लावत नाही, तुमच्या घरच्याच कुणी फिरवला."

तिथेच यांना विचारलं. हे म्हणतात, "मी नाही. मला वाटलं तू येऊन पडली असशील वरती कुठेतरी, रागानं." मी म्हणाले, खोटं. तर म्हणाले, "आईशप्पथ, मी हात लावला नाही!"

आई समोर बसलेली! तिच्या देखत, तिचीच शपथ, आणि खोटी! सासूबाई पाण्याकडे बघत होत्या.

गोळी मी दिली. सात वाजून पाच मिनिटांनी.

१७ मे

बोलत नाही मी. हे दोनदा चहा घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि साखर विसरले. म्हणाले, "मी नाही फिरवला गं, खरंच." मी पेपर वाचत राहिले, तोही चार दिवसांचा शिळा.

भाऊजींनी दुपारी आईंना पाणी पाजायला पेला उचलला होता. मी काढून घेतला. मी म्हणाले, तुम्हाला नाही जमत ते. तुमचेच शब्द.

पुन्हा सगळं माझ्या हातात आलंय. आणि हे दोघे वरच्या डेकवर पत्ते खेळतायत. सुटले बिचारे.

१८ मे

सकाळी आईंचे केस विंचरत होते. सासूबाई आरशात बघून, एकेक शब्द गोळा करत म्हणाल्या, "बिल्ला मी फिरवला."

मी कंगवा खाली ठेवला.

"तू असलीस की ते दोघं हात लावत नाहीत. परवा धाकट्यानं पाणी पाजलं. थोरल्यानं पाय मांडीवर घेतला. नऊ वर्षांत पहिल्यांदा." दम घेतला. डावा हात उचलून माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट. "तुला तिथे रात्र मिळाली असती. मला इथे माझे मुलगे."

मग आरशातून माझ्याकडे अशा रागानं बघितलं, जशी मी दोन दिवस यांच्याकडे बघते आहे.

"परत कशाला आलीस?"