एका कानाच्या गाई

दिनांक नऊ, रविवार

माझ्या डॉक्टरीणबाईस,

खूप खूप आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, पण तू गुरांची डॉक्टर. मला शेपूट असती तर फुकटात तपासलं असतंस.

पत्र तुझी काकू लिहून घेतेय. माझ्या बोलण्यात साखर घालायची तिला खोड आहे, म्हणून मी तिच्याकडून ओळ न् ओळ परत वाचून घेते. काका बाहेर आहे. खोदाईचं मशीन भाड्याने आणून सकाळपासून मागच्या कुरणात खड्डा खणतोय. हवा छान आहे. धाकट्याला दात आले, सगळ्यांना चावत सुटलाय. हवा खरंच छान आहे.

काकू म्हणते, "आई, हवेचं दोनदा झालं." बरं.

साथीत मेलेल्या गाईंचं सरकारी अनुदान मिळालं. गोठ्यावर नवे पत्रे चढले. पुरावा म्हणून नंबराच्या बिल्ल्यासकट कान लागतात, ते काकाने तुझ्या दवाखान्यात पिशवीतून आणून दिले होते. तू म्हणालीस, "मला बघायला यायला हवं." तो म्हणाला, "साथीच्या जागी कशाला येतेस पोरी? मी घरचाच माणूस ना?" घरी येऊन त्यानेच हसत हसत सांगितलं. आणि तू सही केलीस.

पोरी, आमच्याकडे साथ आलीच नव्हती.

इथे काकूने पेन खाली ठेवलं. "ह्यांना कळलं तर?" म्हणाली. मी म्हटलं, "कळेलच. उचल."

त्या गाई मागच्या कुरणात चरतायत. भुरीला खाजवायला मी हात नेला, तर कानाच्या जागी नुसती खपली. पूर्वी माझ्या पदराला तोंड पुसायची. आता मला बघून लांब जाते.

पुढच्या आठवड्यात वरून तपासणी येणार, असा निरोप आलाय. तेव्हापासून काकाची धावपळ चाललीय. चुन्याची पोती आणलीत. मी म्हटलं, "मेल्या म्हणून दाखवशील, पण ताजी जनावरं त्यांना कळणार नाहीत?" म्हणाला, "आई, चुना टाकला की सगळी सारखीच जुनी."

पाण्याची टाकी त्याने कालच रिकामी केली. "उद्या संध्याकाळी भरू, मग गटागटा पितील," म्हणतो. टाकीत काय घालणार ते मी विचारलं नाही. टाकीजवळ ठेवलेला डबा मी पाहिलाय. गाई हंबरतायत, पत्रातून ऐकू येत नाही एवढंच.

तू उद्या संध्याकाळच्या आत ये. एकटी येऊ नकोस. तुझ्या साहेबांना आण, पोलीस मिळाले तर तेही. तुझी नोकरी जाईल, मला कळतं. काकाचं काय होईल तेही कळतं. दोघंही माझीच. पण खड्डा एकदा बुजला की तुझी खोटी सही खरी ठरेल, आणि मग तो दरवर्षी पिशवी घेऊन तुझ्या दारात उभा राहील.

पत्र दूधगाडीवाल्याच्या हाती देतेय. काकाने विचारलंच तर सांगेन, नातीला लग्नाचं विचारलंय. तेही विचारते, म्हणजे खोटं व्हायला नको. कधी करतेस?

मला सही येत नाही. खाली अंगठा उमटवलाय, साक्ष म्हणून चालेल. शेजारी काकूने तिची सही केलीय. मी तिला सांगितलं नव्हतं.

तुझी आजी,
त्याची आई