टेरेलिनचा सदरा

नागपूर, जानेवारी १९७४

प्रिय शामला, जयभीम.

मी मजेत आहो. आईचा खोकला कसा हाय?

तू शिवलेला टेरेलिनचा सदरा बरोबर बसला. तोच घालून पेट्रोलचा टँकर भराले गेलो, तं आमच्या जुन्या ड्रायव्हरनं, देवरावनं, डेपोच्या फाटकावरच अडवलं. "काहून गा, मराचं हाय काय? सुती घाल!"

मले राग आला. पण तिथंच सदरा काढला, तं चटचट आवाज झाला अन् हातावरचे केस उभे राहिले. पेट्रोलले एक ठिणगी पुरते वं.

सदरा पेटीत जपून ठेवला, गावी घालीन. कामासाठी तुझ्या जुन्या सुती लुगड्याचा एक शिवून धाड. काठ दिसला तरी चालते. डेपोतले हसले तं हसू दे. मी घरी तं येईन.

तुझाच,
नत्थू