नवापूरच्या किनाऱ्यावरून नरतुरंग दिसतो

बाई, तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली, की तुमच्यावर चिडणं लोकांना विचित्र वाटेल. तरी मी चिडूनच लिहायला बसले आहे. गेल्याच आठवड्यात कुणीतरी माझ्यासमोर म्हणालं, "बाई कडक होत्या, पण खोटं म्हणून कधी बोलल्या नाहीत." मी हातातला कप खाली ठेवला आणि उठून आले. तिथे गिळलं ते इथे लिहिते.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं, ती वर्षं. बोईसरला रोज नवी माणसं उतरत होती, आणि तुम्हीही त्याच सुमारास घाटावरून आलात, आमच्या नवापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला. गावात खोली घेऊन एकट्या राहणारी बाई आम्ही तोवर पाहिली नव्हती. मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही घरी गेला नाहीत. एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसलात. आई वाळत घातलेले बोंबील उतरवून आत आणत होती. तुम्ही म्हणालात, "अमावास्या जवळ आली आहे, आकाश स्वच्छ आहे. तुमच्या मुलीला समुद्रावर न्यायचं आहे, तारे दाखवायला. आणखी दोघी येतायत." आईनं तुम्हाला चहा दिला आणि म्हणाली, "न्या की. तुमी हाव ना बरोबर, मंग मला कसली काळजी?" हे सगळं मी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. म्हणून सांगते, कल्पना करायची सवय मला नव्हती.

जेवणं लवकर उरकून आम्ही तिघी तुमच्यामागून वाळूवर उतरलो. अजून दिसतं मला ते. तुम्ही दक्षिणेला, मुरबे गावाच्या बाजूला, किनाऱ्याच्या रेषेवर हात रोखून उभ्या आहात. खाली त्रिशंकूचे चार तारे, पतंगासारखे. त्यांच्या डावीकडे, पाण्याच्या धुरकट पट्ट्यातून नुकते वर आलेले दोन ठळक तारे, मित्र आणि मित्रक. नरतुरंगाचे पुढचे पाय म्हणे ते, अर्धा माणूस आणि अर्धा घोडा. मित्र म्हणजे सूर्य सोडला तर आपल्या सगळ्यात जवळचा शेजारी, आणि तरी त्याचा उजेड इथवर यायला चार वर्षांहून जास्त लागतात. माझ्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही म्हणालात, "तू चौथीत होतीस ना, तेव्हा निघालेला उजेड आज तुझ्या डोळ्यांत पोचतोय." बाई, असं माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. घरी माशांबद्दल बोलत, भरती-ओहोटीबद्दल बोलत. माझ्या डोळ्यांबद्दल कुणी बोललं नव्हतं.

मग तुम्ही पिशवीतून दुर्बीण काढलीत. बांधकामावरच्या एका इंजिनिअरकडून आणली होती, तो तुमच्या गावाकडचा. नरतुरंगाच्या पाठीवर एक पुसट तारा होता, ओल्या बोटानं पुसल्यासारखा. त्यावर दुर्बीण धरलीत आणि मला म्हणालात, "हा एक तारा नाही. लाखो ताऱ्यांचा गुच्छ आहे." मला लाखो दिसले नाहीत. दिसला कापसाचा एक गोल बोळा, मधे दाट आणि कडेला विरत गेलेला. पण घरी येईपर्यंत माझे पाय वाळूला लागत नव्हते.

शाळा उघडली, पाऊस लागला आणि तपासणीला साहेब आले. त्यांनी मला उभं केलं, एखादा तारकासमूह सांग म्हणाले. मी सांगितलं, नरतुरंग. साहेब हसले. "तो दक्षिणेकडचा. आपल्याकडून दिसत नाही."

"दिसतो, साहेब. मी बगितलाय."

"कुठे बघितलास?"

"आमच्या दर्यावर. बाईंनी दावला. दुर्बिणीतून."

साहेबांचं हसणं थांबलं नव्हतं, हेडमास्तरांचं थांबलं. "रात्री नेलं होतं? आणि दुर्बीण कुणाची?" हे त्यांनी मला नाही, तुम्हाला विचारलं. तुमच्याकडे बघून मी हसले सुद्धा, कारण आता तुम्ही सांगणार आणि साहेब गप्प होणार, अशी माझी खात्री होती. तुम्ही फळ्याकडे बघत म्हणालात, "मी कुठे नेलं नाही, सर. या मुलीला कल्पना करायची सवय आहे."

सगळा वर्ग हसला. बरोबर आलेल्या दोघीही हसल्या.

दुसऱ्या दिवशी आईला बोलावणं गेलं. ती बोईसरच्या बाजारातून तशीच आली, टोपली शाळेच्या पायरीवर ठेवून. तुम्ही हेडमास्तरांच्या टेबलाशेजारी उभ्या होतात. आईला वाटलं, काहीतरी घोटाळा झालाय, दोन शब्दांत मिटेल. ती तुम्हालाच म्हणाली, "बाई, तुमी आमच्या ओट्यावर बसून चा प्यालात नं? पोरीला नेऊ का, म्हणून तुमीच इचारलंत."

तुम्ही म्हणालात, "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, मावशी."

माझ्याबद्दल बोललात ते एक वेळ सोडून देईन, मी पोर होते. पण तुम्ही माझ्या आईला तोंडावर खोटं पाडलंत, तिच्या घरचा चहा पिऊन! हेडमास्तर म्हणाले, मुलीनं सगळ्या वर्गासमोर सांगावं की ती खोटं बोलली, मग प्रकरण इथेच संपलं. आईनं माझा हात धरला. "ती खोटं नाय बोलली, तर कबूल कशाला करंल? ऱ्हाऊ द्या तुमची शाळा." आणि आम्ही निघालो. मी वळून बघितलं, तुम्ही खिडकीशीही आला नव्हतात.

माझं ते वर्ष गेलं. दिवसभर मासळी निवडायची, खारवायची, आणि समोरून शाळेच्या पोरी जाताना मान खाली घालायची. पुढच्या जूनमध्ये आईनं मला पालघरला मावशीकडे ठेवलं आणि तिथल्या शाळेत घातलं. शिकले, नर्स झाले, मासवणच्या दवाखान्यात नोकरी लागली. तुम्ही मात्र त्याच शाळेत राहिलात आणि शेवटी तिथल्याच हेडमास्तर झालात. मोठी झाल्यावर मला कळलं हो, की एकट्या बाईनं परक्या पुरुषाची दुर्बीण आणली, एवढ्यावर त्या काळात काय काय बोललं गेलं असतं. नोकरी गेली असती, नावही गेलं असतं. कळतं मला. पण त्याची किंमत तुम्ही आमच्याकडून घेतलीत, आणि न विचारता घेतलीत.

मग पालघरच्या एसटी स्टँडवर तुम्ही भेटलात. केस पिकले होते. तुम्हीच ओळखलंत, जवळ आलात आणि हळूच म्हणालात, "तू बोललीस ते खरं होतं."

मी म्हटलं, "मला कशाला सांगता? मला माहीत आहे."

"मग आता कुणाला सांगू? साहेब गेले, हेडमास्तर गेले."

"माझी आई आहे अजून. तिला सांगा."

तुम्ही याल असं मला वाटलं नव्हतं. पुढच्या रविवारी मी घरी होते आणि तुम्ही गल्लीतून येताना दिसलात. आई सुकटीवरून कावळे हाकत होती. तुम्ही उभ्यानंच बोललात. "मावशी, मी तुमच्याकडे आले होते, विचारलं होतं, मुलीला नेलं होतं. शाळेत मी खोटं बोलले." शेजारच्या दोन बायका ऐकत होत्या, तरी तुम्ही आवाज खाली आणला नाही.

आईनं हातातली काठी भिंतीला टेकवली. "पोरीचं वरीस गेलं, ते काय आता येनार नाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "उभ्या कशाला? बसा. चा टाकते."

आणि तुम्ही बसलात. मी आत जाऊन दार लोटून घेतलं. तुम्ही गेल्यावर मी आईवर ओरडले, की इतक्या सहज कसं सोडलंस? ती भांडी विसळत म्हणाली, "ती आली ना दारात. बाकी कोन आला?"

आईनं माफ केलं, तो तिचा अधिकार होता. मी केलं नाही. त्यानंतर तुम्ही दोनदा आलात, दोन्ही वेळा मला काम निघालं. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा आई रडली, मी ड्यूटीवर गेले. आता आईही नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि कुणाला दाखवायचंही नाही. लिहून झालं की राग उतरेल असं वाटलं होतं, तो उतरलेला नाही. एक मात्र सांगून टाकते. तो उतरू नये असंच मला वाटतं, कारण तुमच्याशी बोलायला माझ्याकडे दुसरं काही नाही, आणि बोलणं मला अजून संपवायचं नाही.