वरची पट्टी

४ एप्रिल

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.
टिटवी तुझ्याकडे सुखरूप पोचल्याचं कळलं. बाप म्हणून छाती फुगली, खोटं कशाला बोलू? आपल्या ‘गलका’ वाद्यवृंदाची बालगीतं ऐकत दोन पिढ्यांची पोरं वाढली, आणि आता तुझ्या जागी माझी लेक गाणार. एकच विनंती. तुझा आवाज गेला, निदान आता तरी गाणी खालच्या पट्टीत घे. अकरा वर्षांची आहे ती. आगाऊपणा वाटला तर कान धर, पण मनात ठेवू नकोस.
तुझा
ठोक्या

१२ एप्रिल

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.
तबला वाजवणं सोडून नोकरी धरलीस, आणि आता मला पट्टी शिकवतोस होय रे! पट्टी उतरवली की समोरची मुलं लगेच ओरडतात, हे आमचं गाणंच नाही म्हणून. कॅसेटवर ऐकलं तसंच हवं असतं त्यांना. टिटवी गोड गाते. तालमीनंतर घसा बसतो, म्हणून दिवसभर मौन दिलंय. हवं-नको पाटीवर लिहिते. काल लिहिलं, आत्या घोरते. वीस तारखेच्या रविवारचं सभागृह भरलंय. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
आक्का

१६ एप्रिल

ती. आक्कास,
सा. न.
पत्र चारदा वाचलं. तू स्वतःलाही असंच मौन दिलं होतंस. तेव्हा तुझा आवाज खरखरला की मी शेजारून ठोका जरा जोरात देत असे, लोकांना कळू नये म्हणून. डॉक्टरांकडे चल, असं एकदाही म्हणालो नाही. सभागृहं भरत होती ना. टिटवीला पाठवताना हे आठवलं नव्हतं, असंही नाही.
रविवारी तिला गाऊ देऊ नकोस. रजा महिनाअखेरीस मिळेल, तेव्हा येतोच. रागावलीस तरी चालेल.
ठोक्या

२१ एप्रिल

चि. ठोक्यास,
आशीर्वाद.
तुझं पत्र आज आलं. कार्यक्रम काल झाला. शेवटच्या गाण्यात वरच्या सुरावर टिटवीचा आवाज चिरकला आणि गेला. मुलांना वाटलं गंमतच. पुढचं कडवं मुलंच गायली. मी पेटी थांबवली नाही. डॉक्टर म्हणाले, घशात रक्त उतरलंय, पुढचं आत्ताच सांगता येत नाही.
आज सकाळी शेजारचं मांजर दुधात तोंड घालून, मिशा पांढऱ्या करून ऐटीत बसलं होतं. मी आत होते, काहीच ऐकू आलं नाही. बाहेर आले तर टिटवी पोट धरधरून हसत होती.
रजेची वाट पाहू नकोस. लोभ मागायला तोंड नाही.
आक्का